जोड नसलेलं गाव

दुपारची जेवणं उरकली की समोरच्या खोलीतून आरोळी यायची, "खाली येता हां! भायर की भितूर?"

ही आरोळी समोरच्या काकांची, काकूंसाठी असे. भितूर म्हटलं तर त्या ओट्याच्या आणि मोरीच्या बाजूला अडकणार, भायर म्हटलं तर पॅसेज ओलांडून माझ्या दारात लसूण सोलत बसणार. आणि एकदा जे सांगितलं ते संध्याकाळपर्यंत बदलायचं नाही. कारण काकांनी छताच्या कप्प्यांवरून दोर सैल करत करत ते खाली आणलं, की दाराशी आणि ओट्याशी सोडून खोलीत माणसाला उभं राहायला जागाच उरत नसे. पलीकडे जायचं तर खालून रांगत जायचं. एकदा पूजेला आलेल्या गुरुजींनाही, सोवळं सावरत, तसंच जावं लागलं होतं. "सत्यनारायणाला घाई नाही, पण चारची गाडी थांबत नाही," असं काकांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. गुरुजी पुन्हा आमच्या मजल्यावर आले नाहीत.

ते म्हणजे गाव. प्लायवूडच्या फळीवर उभारलेलं, खोलीच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचणारं. त्यात डोंगर होता, खाडी होती, खाडीवर पूल, कौलारू शाळा, देवळापुढची दीपमाळ, काड्यापेटीएवढी घरं, आणि या सगळ्यांतून जाणारी आगगाडी. तिचा एकेक डबा माझ्या करंगळीएवढा. नायगावच्या आमच्या चाळीत खोली सगळ्यांना एकच. कुणी त्या एका खोलीत पोटमाळा काढून मुलाचा संसार थाटला, कुणी शिकवण्या घेतल्या. काकांनी तिच्यात गाव वसवलं आणि रात्री ते छताला टांगून त्याच्याखाली बायकोसकट झोपले. काकू म्हणायच्या, "लग्न करून आले तेव्हा वाटलं नव्हतं की सासरचं अख्खं गाव डोक्यावर घेऊन झोपायचंय." हे त्या हसत म्हणायच्या, पण दोर जुना झालाय का हे दर अमावास्येला स्वतः ओढून बघायच्या.

काका पाणीखात्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगानं काटक, आवाज मोठा, आणि बोटांच्या टोकांना कायम सोल्डरिंगचा डाग दिल्याचे काळे ठिपके. घरात बनियनवर असायचे, पण गाडी चालवायच्या आधी इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावून, आणि पायात बूट. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "स्टेशनात उघड्या अंगानं कोण येतो गो बाय?" गाडीला वेळापत्रक होतं. बघायला कुणी असो नसो, गाडी वेळेवर सुटायची. कधी रूळ साफ करण्यात उशीर झाला आणि गाडी चुकली, तर हा माणूस त्या दिवशीचा चहा घ्यायचा नाही. शिक्षा म्हणून. कुणाला शिक्षा, हे मला कधी कळलं नाही, कारण कावलेल्या नवऱ्यासोबत संध्याकाळ काढायची ती काकूंनीच.

आणि त्यांचं एक वेड या सगळ्या वेडांच्या वर होतं. त्यांना जोड चालत नसे. जगातले सगळे हौशी लोक रुळांचे तुकडे एकमेकांत अडकवतात, काकांनी अख्ख्या गावातला रूळ टोकाला टोक डाग देऊन सलग केला होता. प्लायवूडचे तुकडे जिन्यावरून वर आणले होते, पण ते चिकटवून, सांधे बुजवून, घासून असे एक केले की कुठून कुठे जोडलंय ते त्यांचं त्यांनाही सांगता येऊ नये. "जिथं जोड तिथं गाडी घसरतली," हे त्यांचं म्हणणं. हे वेड गावापुरतं राहिलं असतं तर ठीक, पण काकूंच्या चपलेचा अंगठा तुटला तरी ते शिवून आणू द्यायचे नाहीत, नवी घ्यायला लावायचे. मे महिन्यात सलग रूळ उन्हाच्या तलखीनं लांबून वाकायचे, म्हणून टेबलफॅन काकूंवर नाही, खाडीच्या पुलावर लावलेला असायचा. मी चिडून म्हटलं, "काका, माणूस इथं भाजून निघतंय!" तर म्हणाले, "माणूस वाकता, सरळ होता. रूळ होणा नाय."

मी या प्रकरणात ओढली गेले ती फोनमुळे. छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. दर रविवारी सकाळी प्रत्येकानं आपापल्या कामाचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी वाहवा करायची, असा तिथला शिरस्ता. काकांना मराठी टाइप करता येत नसे आणि इंग्रजीत रागावता येत नसे, म्हणून रविवारी ते फोन घेऊन माझ्याकडे यायचे, माझ्या पलंगाच्या कडेवर बसायचे आणि सांगायचे, "लिव."

मग मी लिहायची. दादरच्या एका डेंटिस्टनं स्टेशनचा सुंदर फोटो टाकला, त्याखाली माझ्या बोटांनी लिहिलेलं, "प्लॅटफॉर्मवरची बाई गाडीतून उतरली आहे की चढणार आहे? सामान कुठे आहे? घरातून भांडून निघाली आहे का?" कुणी हिरवंगार शेत टाकलं तर, "बांध नाही. पाणी तुमच्या ड्रॉइंगरूममध्ये थांबणार का?" सगळ्यांत जास्त मार खायचे ते गिरगावचे अंकल. हे एका जुन्या कॅथलिक घराण्यातले, वयानं काकांच्याच बरोबरीचे. ते आपली रेल्वे सुटकेसएवढ्या पेट्यांमध्ये बनवत. प्रदर्शन असलं की पेट्या टॅक्सीत घालून न्यायच्या, चर्चच्या हॉलमध्ये एकीला एक बोल्ट लावून जोडायच्या, संध्याकाळी सोडवून परत आणायच्या. काकांना हे बघून अक्षरशः मळमळायचं. "लिव. ही रेल्वे नव्हे, सामान आहे." मी लिहायला तयार नव्हते. म्हटलं, "काका, वयस्क माणूस आहे, असं कसं?" तर म्हणाले, "मी तरुण आहे काय?" शेवटी लिहिलं. अंकलनी खाली नुसता नमस्काराचा हात टाकला. मला फार लाज वाटली, आणि काका समाधानानं चहा प्यायला निघून गेले.

गंमत म्हणजे इतकं सुनावणाऱ्या या माणसानं स्वतःचा एकही फोटो कधी टाकला नव्हता. "अजून झाला नाय," एवढंच उत्तर. आमच्या डोळ्यांना कधीच झालेलं दिसणारं ते गाव त्यांच्या मते कायम अर्धवट. ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. शेवटी डेंटिस्टनं एकदा सरळ विचारलं, "सर, तुमचा लेआउट खरंच आहे ना?" मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.  काकांनी फोन घेतला, उठले, पुढचे काही रविवार आलेच नाहीत. मला वाटलं, टाकावा ना एक फोटो, तोंडं बंद होतील. पण सांगायला गेले असते तर माझंच तोंड बंद झालं असतं.

त्या गावाबद्दल ते एकदाच नीट बोलले. मी भितूर होते त्या दिवशी, काकूंना डाळ निवडायला मदत करत, आणि गाडी पुलावर होती. काका म्हणाले, हे त्यांचंच गाव. देवगडच्या बाजूचं, समुद्राला लागून. त्यांच्या लहानपणी तिथं माणसं दुर्बीण घेऊन आली, जमीन मोजली, खुणेचे दगड पुरले. गाडी येणार म्हणून गाव वेडं झालं. गाडी आली, पण पुष्कळ वर्षांनी, आणि डोंगरापलीकडून गेली. त्यांच्या आईला एसटी लागायची, वळणावर वळणावर ओकायची. मुंबईला चल म्हटलं की म्हणायची, "गाडी इली काय मी येतलंय." ती तशीच गेली. मुलाची खोली तिनं पाहिली नाही. "म्हणून मी गाडी नेली," काका म्हणाले. नुसतं एवढंच. मग माझ्या लक्षात आलं की रुळाच्या अगदी कडेला जे एक घर होतं, त्याच्या पडवीत लुगडं नेसलेली एक मूर्ती बसवलेली होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिचं तोंड रुळाकडे होतं. मी डाळीवर मान खाली घातली. मला रडू आलं होतं आणि मला ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

मग चाळीची पाळी आली.

वर्षानुवर्षं होणार होणार म्हणत असलेलं एकदम झालं. बाजूच्या इमारती आधीच पत्र्याआड गेल्या होत्या. आमच्या मजल्याला तारीख मिळाली. भाड्याच्या घरात जायचं, चाळ पाडून टॉवर बांधून झाला की परत यायचं. अट एकच, अख्खा मजला एकाच दिवशी रिकामा हवा. शुक्रवारी संध्याकाळी साइट ऑफिसचे साहेब येणार, प्रत्येक खोली रिकामी आहे हे डोळ्यांनी बघणार आणि सगळ्या किल्ल्या एकत्र घेणार. एका खोलीत सामान राहिलं तर कुणाचंच काम पुरं होणार नाही. लोकांनी टेम्पो सांगितले, पोरांच्या शाळा बदलल्या, माझी आई गुडघे धरून आधीच परळच्या भाड्याच्या घरात जाऊन बसली.

काकांनी एक दिवस कपाटातून ड्रॉइंग बोर्ड काढला. खोली काढली, दार काढलं, पॅसेज काढला, जिना काढला, सगळं मापात. मग गावाच्या आकाराचा पुठ्ठा कापला आणि तो त्या ड्रॉइंगवरून सरकवायला लागले. मी बघत होते. गाव आडवं निघणं शक्यच नव्हतं. उभं करून दारातून निघत होतं, पण पॅसेजमध्ये वळत नव्हतं. सरळ पुढे ढकललं तर ते समोरच्या, म्हणजे माझ्या खोलीत शिरत होतं, आणि तिथून फक्त मागे येत होतं. काकांनी पुठ्ठा पुन्हा पुन्हा सरकवला. जन्मभर इतरांच्या जलवाहिन्या कुठून वळतील हे काढून दिलेल्या माणसानं स्वतःचं गाव बांधताना दाराचं माप घेतलं नव्हतं. कारण ते बाहेर न्यायचंय हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. पॅसेजची भिंत फोडू द्या म्हणून ते साइट ऑफिसला जाऊन आले. वर माणसं राहत असताना भिंतीला हात लावता येणार नाही, असं तिथं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं.

"कापायला लागेल," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात मजल्यावर कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं. लोक काकूंना जिन्यात गाठायचे. टोकाच्या खोलीतले दळवी तर पॅसेजमध्ये उभे राहून ओरडले, "अहो, खेळण्यासाठी चाळीस घरं अडवणार का तुम्ही? दोर कापून टाका ते!" काका आतून म्हणाले, "माझ्या गळ्यावरून जा आधी." आणि दुपारी, शर्टाची बटणं लावून, गाडी वेळेवर सोडली. बाहेर लोक गाद्या बांधत होते, आत गाडी शाळेपाशी थांबत होती. मला त्यांचा राग आला होता. खरंच सांगते, दळवींपेक्षा जास्त.

मी काकूंना म्हटलं, "राहू दे ना ते इथंच. नाहीतरी तुमच्या मागचा ताप जाईल." काकू बरण्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होत्या. त्यांनी हात थांबवले.

"बाजूच्या बिल्डिंगमधले मोरे बघितलेस ना? बाग होती त्यांची गच्चीत. इथून गेले, तिकडे खुर्ची घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतात. जेव म्हटलं तर जेवतात. ते वरचं इथं राहिलं ना, तर हे पण इथंच राहतील गं. मी कुणाला घेऊन जाऊ त्या परळच्या खोलीत?"

मी एक बरणी उचलली आणि गुंडाळायला लागले.

बुधवारी सकाळी माझा फोन वाजायला लागला तो थांबेना. लिहायच्या सोयीसाठी काकांनी मलाही त्या ग्रुपमध्ये घातलं होतं, तिथं काकांच्या नावानं फोटो आला होता. एक नाही, बरेच. वाकडे, अंधूक, एकात काकूंचा अंगठा आलेला. पण गाव दिसत होतं. पूल, शाळा, दीपमाळ, पडवी. खाली देवनागरीत, अक्षरं चुकतमाकत: "मी यांची मिसेस. हे दारातून निघत नाही. शुक्रवारी खोली द्यायची आहे. हे कापू देत नाहीत. काय करू सांगा."

 एरवी वाहवा करायला टपलेले लोक, पण एक अंगठा नाही की फूल नाही. मी पॅसेज ओलांडून गेले. काका आंघोळीहून येत होते, त्यांनी माझा चेहरा बघून फोन मागितला. वाचलं. मग काकूंकडे वळले. मला वाटलं आता हा माणूस फुटणार. 

"झालेला नव्हता तो," ते म्हणाले.

"मला काय झालेलं न झालेलं कळत नाही," काकू म्हणाल्या. "मला शुक्रवार कळतो."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. गिरगावचे अंकल. मी वाचलं. "मॅडम, दरवाजा आणि जिन्याचा टर्न, दोन्हीचं माप पाठवा. खालून फ्रेमचा फोटो पाठवा. मी येतो." त्याच्याखाली लगेच डेंटिस्ट, "मी पण. क्लिनिक बंद ठेवतो."

काका खाली बसले. हे दोघं येणार ही त्यांना मदत वाटली की बेअब्रू, कोण जाणे. त्या दिवशी गाडी सुटली नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत मजला ओस पडला होता. दारं सताड उघडी, आत नुसत्या भिंती आणि कॅलेंडर लावल्याच्या जागा. काकांच्या खोलीत मात्र गाव खाली आणलेलं, आणि काकू पलीकडे ओट्याशी शेवटची भांडी पोत्यात भरत. अंकल आले. खूपच हळू जिना चढत. हातात बारीक दात्यांची करवत. मागून डेंटिस्ट, त्यांच्याकडे दात कोरायचं छोटं मशीन. अंकल दारात थबकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"साहेब," ते म्हणाले, "फोटोत काहीच दिसत नव्हतं हो."

काकांनी मान वळवली.

अंकल त्या वयात जमिनीवर आडवे झाले आणि टॉर्च घेऊन खाली सरपटले. आम्ही त्यांचे बूट बघत उभे. खालून आवाज आला, "जिन्यात वळायचं तर मधोमधच कापायला हवं. आणि खाली सगळीकडे आडव्या पट्ट्या आहेत, त्या कापल्या तर सांगाडा मोडेल. दोन पट्ट्यांमधला एकच गाळा मोकळा आहे." कापायची जागा वर कळावी म्हणून त्यांनी खालून बारीक गिरमिटानं भोक पाडलं. वर, लाकडाचा भुगा उडवत, टोक आलं. रुळाच्या कडेच्या त्या घराच्या पायरीला लागून.

 अंकल बाहेर आले, ते टोक कुठे आलंय ते बघितलं, आणि त्यांचा आवाज उतरला. "इथं तर घर आहे साहेब."

"कापूक देवचंय नाय," काका म्हणाले.

"रुळाला काही होणार नाही साहेब. दोन्ही बाजूंना आधी पितळी स्क्रू मारू, रूळ त्यांना डाग देऊन पक्का करू, मग कापू. परत जोडाल तेव्हा केसाएवढा हलणार नाही. मी आयुष्यभर तेच करतो."

"कापूक देवचंय नाय!" काका ओरडले आणि पाठ फिरवून दारात उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. आता कुणी आत येऊ शकत नव्हतं आणि काही बाहेर जाऊ शकत नव्हतं. जिन्यातून किल्ल्यांचा आवाज आला. साइट ऑफिसचे साहेब खालच्या मजल्यावर पोचले होते.  डेंटिस्ट माझ्याकडे बघत होते, मी अंकलकडे, अंकल छताकडे.

काकू खाली वाकल्या आणि गावाखालून रांगत अलीकडे आल्या. गुडघे झाडले. काकांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"घर उचला," त्या म्हणाल्या.

"चिकटवलेला आसा."

"माझं पण इथं चिकटलेलंच होतं. सकाळपासून उचलतेच आहे ना मी?"

त्या रडत नव्हत्या. आवाज साधा होता, भाजी आणायला सांगावी तसा. काका हळूहळू वळले. त्यांनी आधी रिकामा ओटा बघितला, भिंतीवरची देव्हाऱ्याची काजळी बघितली, तोंडं बांधलेली पोती बघितली. हे सगळं आठवडाभर त्यांच्यासमोर होत होतं, पण त्यांनी ते त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं असं मला वाटलं. मग खिशातून पातळ पात्याची सुरी काढली आणि घराच्या जोत्याखाली सरकवली. अगदी हळू. कट् असा आवाज झाला. घर पडवीसकट, मूर्तीसकट सुटलं. त्याच्याखाली गोंदाचा पिवळा चौकोन. काकांना ते कुठे ठेवावं कळेना. काकूंनी हात पुढे केला. काकांनी घर त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"डाग मी देतलंय," ते अंकलना म्हणाले. "तुम्ही स्क्रू धरा."

पुढचं सगळं मी भिंतीला चिकटून बघितलं. दोन म्हातारे डोक्याला डोकं लावून वाकलेले, मधून धुराची रेघ. मग डेंटिस्टचं मशीन सुरू झालं. दाढ कोरताना वाजतं तसंच ते वाजलं आणि माझ्या जबड्यात कळ आली. एक रूळ तुटला. दुसरा तुटला. करवत काकांनी स्वतः घेतली. त्याच वेळी पॅसेजमध्ये साहेबांचा आवाज, "ही खोली का भरलेली? काय चाललंय इथं?"

आणि दळवी, तेच दळवी, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, तुम्ही तिकडच्या टोकापासून बघत या ना. चहा मागवलाय. हे होतंयच." साहेबांना त्यांनी जवळजवळ दंडाला धरून नेलं. जाताना मान वळवून काकांना म्हणाले, "हात चालवा हो लवकर!"

करवत आरपार गेली तेव्हा गाव दोन बाजूंना किंचित झुकलं. काकांनी करवत खाली ठेवली. त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता आणि ते तो पुसत नव्हते. अंकलनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग अर्धं गाव जिन्याच्या वळणावरून उभं उतरलं, त्याच्यामागे दुसरं अर्धं, किल्ल्या द्यायला थांबलेल्या मजल्यावरच्या माणसांनी खालीवर धरलेलं. साहेब आले तेव्हा खोलीत छताच्या कप्प्या आणि जमिनीवर भुगा, एवढंच होतं. काकूंनी एका हातानं किल्ली दिली. दुसरा हात उघडाच होता, त्यावर घर.

मग आम्ही पांगलो. परळमध्येच असूनही त्यांच्याकडे जायला मला दिवाळी उजाडली. मनात भीती होती, खुर्ची आणि भिंत दिसेल अशी. दार काकांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. "ये, वेळेवर इलंस," म्हणाले आणि लगेच आत वळले.

घरमालक छताला हूक मारू देत नाही, म्हणून गाव लाकडी घोड्यांवर कायम खालीच होतं आणि काकू त्याच्या कडेनं तिरक्या चालायला शिकल्या होत्या. दोन अर्धी बोल्टनं एकत्र आणलेली. मी वाकून पाहिलं, रूळ खरोखर केसाएवढाही सरकला नव्हता. गाडी निघाली, पुलावरून आली, आणि कापलेल्या जागी टक् असा बारीक आवाज झाला. काकांचे डोळे मिटले. प्रत्येक फेरीला ते तिथं डोळे मिटत होते. पण गाडी थांबवत नव्हते.

रुळाच्या कडेला गोंदाचा पिवळा चौकोन तसाच उघडा होता.

"काका, घर लावलं नाहीत?"

ते गाडीवरून नजर न काढता म्हणाले, "अजून एकदा निघूचा आसा ना. टॉवर झालो काय परत उचलूचा लागतला. एकदाच लावतलंय."

काकूंनी मला चहा दिला आणि नुसती मान हलवून दाखवलं. घर फ्रिजवर होतं, फुलदाणीच्या शेजारी, रोज पुसलेलं. त्यांनी ते पडवीचं तोंड रुळाकडे करून ठेवलं होतं.